फरकाचे सहाशे अकरा दोरे

दोन पुस्तकांतला फरक शोधायला किती दिवस लागतील, असं मनीषने विचारलं तेव्हा वासुदेवराव पागनीस शांतपणे म्हणाले, "दोन." एक दिवस एका पुस्तकाला, एक दिवस दुसऱ्याला. फरक काय, तो येता-जाता सापडेल.

मनीष सत्तावीस वर्षांचा होता, पण कॉम्प्युटरच्या धंद्यात तीन वर्षं काढल्यामुळे कोणी "दोन दिवस" म्हटलं की तीन आठवडे धरायचे, एवढं शहाणपण त्याला आलेलं होतं. त्याने तीन आठवडे दिले.

त्याची कंपनी इंदुरात जेल रोडच्या एका गल्लीत, कचोरीच्या दुकानावर होती. कंपनीत दोन कॉम्प्युटर होते. एक चालायचा आणि दुसरा आल्यागेल्याला दाखवायला ठेवला होता. सरकारी विश्रामगृह निगमासाठी कंपनीने "अतिथी" नावाचं सॉफ्टवेअर केलं होतं. कुठल्या विश्रामगृहात कुठली खोली कुठल्या साहेबाला, हे यापुढे रजिस्टरऐवजी कॉम्प्युटर सांगणार. ते कसं चालवायचं याची एकशे ऐंशी पानांची पुस्तिका होती आणि तिच्या पानापानावर निगमाचा गोल शिक्का होता. आता "अतिथी"ची दुसरी आवृत्ती झाली होती, तिच्याबरोबर पुस्तिकाही नवी झाली होती, आणि निगमाचं म्हणणं असं की जुन्या पुस्तिकेत आणि नव्या पुस्तिकेत नेमकं काय काय बदललं त्याची यादी द्या, नाहीतर तुमची आवृत्ती तुमच्या घरी ठेवा.

आता कोणीही म्हणेल की, ज्याने बदल केले त्यालाच विचारा की. बदल यामिनीने केले होते. यामिनी म्हणजे कंपनीची एकुलती एक प्रोग्रामर. पुस्तिकाही तीच लिहायची आणि तिचं हिंदी एका निवृत्त संस्कृत शास्त्रीबुवांकडून शुद्ध करून घ्यायची.

"भोत काही बदललं, काका," ती म्हणाली. "पण चांगल्यासाठी बदललं."

"जुन्या पुस्तिकेची फ्लॉपी?"

"तिच्यावरच नवी चढवली ना. फ्लॉपी चांगली होती, फेकायला जीव नाही झाला."

म्हणजे जुनी पुस्तिका आता फक्त कागदावर उरली होती, आणि तीही एकच प्रत. मनीषने ती निगमातून सही करून उसनी आणली होती.

"काका, मिलमध्ये तुम्ही काय करायचे?" मनीषने विचारलं.

"कापड बघायचो."

"मग हे पण बघा. एक तारखेला निगमच्या माथुर मॅडमने यादी पास केली की तुमची नोकरी पक्की. नाही केली तर..." मनीषने खिडकीबाहेर पाहिलं. खाली कचोऱ्या तळल्या जात होत्या. "आपण समजदार आहात."

वासुदेवराव सव्वीस वर्षं मिलच्या घडी खात्यात कापड तपासनीस होते. तिरक्या काचेखाली दिवा, काचेवरून सरकणारं कापड आणि त्यावर रोखलेले वासुदेवरावांचे डोळे. ताण्यातला एक धागा तुटलेला असो की बाण्यात एक जास्त पडलेला असो, त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मग एके वर्षी देश उघडला आणि मिल बंद झाली. दोन्ही बातम्या एकाच वर्तमानपत्रात, एकाच पानावर आल्या होत्या आणि दोन्हींना शेजारी-शेजारी हसरे फोटो होते.

त्यानंतरचे चौदा महिने वासुदेवराव घरी होते, आणि त्यांचे डोळेही घरी होते. माणसाला कामावरून काढता येतं, डोळ्यांना कोण काढणार? ते पडदे तपासत. शेजाऱ्यांच्या दोरीवरच्या चादरी तपासत आणि निकाल भिंतीवरून कळवत. पत्नी सुलोचनाबाईंच्या भाच्याच्या लग्नात तर अंतरपाट धरलेला असताना ते वाकून नवरीच्या आईला म्हणाले, "शालूत पदरापासून सव्वा हातावर दोन धागे गेलेत. दुकानदार बदलून देईल, फक्त नेसवायला नको होता." त्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरीची आई एकाही फोटोत हसलेली नाही.

तेव्हा सुलोचनाबाईंनी घरी येऊन शांतपणे सांगितलं होतं, "अहो, मला हे घर दहा ते सहा रिकामं पाहिजे. तुम्ही कुठे जाता ते मी विचारणार नाही. पण जा."

म्हणून ही नोकरी पक्की होणं अत्यंत गरजेचं होतं. पागनिसांच्या अब्रूसाठी, त्यांच्या संसारासाठी, आणि थोडंफार राज्यातल्या विश्रामगृहांसाठीही.

पुस्तिका वाचायला घेतल्यावर वासुदेवरावांच्या लक्षात आलं की पान नऊच्या पुढे जाता येत नाही. पान नऊवर झोप लागायची. त्यांनी खुर्चीत बसून वाचलं, उभं राहून वाचलं, ओसरीत फेऱ्या मारत वाचलं. फेऱ्या मारताना पान नऊ आलं आणि ते तुळशीच्या कट्ट्यावर टेकले, ते भाजीवाल्याच्या हाकेने जागे झाले. शिवाय एक मूलभूत शंका छळत होती. बदल म्हणायचं कशाला? ते विचारायला ते स्वतः निगमाच्या इंदूर कार्यालयात गेले.

विनीता माथुर या तिथल्या उपव्यवस्थापक. बाईंचं टेबल इतकं स्वच्छ की त्यावर कागद ठेवायला संकोच वाटावा. त्यांनी प्रश्न ऐकला, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "देखिए पागनीसजी, बदलाव तीन तरह के होते हैं। जो पहले था और अब नहीं है। जो पहले नहीं था और अब है। और जो पहले भी था, अब भी है, मगर वैसा नहीं है।"

वासुदेवरावांना हे इतकं पटलं की त्यांनी नमस्कारच केला.

"सूची प्रपत्र क्रमांक सोलह में दीजिए," बाई म्हणाल्या. "एक प्रपत्र में बीस बदलाव आते हैं।"

"और ज़्यादा हुए तो?"

"तो और प्रपत्र लगेंगे। प्रपत्र ख़त्म हैं। चार बचे हैं। छपाई का टेंडर निकला है।"

"कब तक...?"

"टेंडर वाले प्रपत्र की छपाई का टेंडर निकला है," बाई म्हणाल्या, आणि हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती की हसू नव्हतं. होता तो फक्त तेवीस वर्षांच्या नोकरीचा अनुभव. ऐंशी बदलांपुरते चार प्रपत्र काखेत घेऊन वासुदेवराव घरी आले.

शेजारच्या अप्पासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि खो-खो हसले. अप्पासाहेबांचे पणजोबा दरबारात होते. कशावर होते हे घराण्यात तीन प्रकारे सांगतात, पण दरबारात होते.

"वासुदेवराव, याला रुजवात म्हणतात. दरबारात कुठल्याही कागदाची नक्कल झाली की एक मोठ्याने मूळ वाचणार, दुसरा नकलेवर बोट ठेवून ऐकणार. जिथे फरक, तिथे 'थांबा' म्हणणार. पणजोबांनी आयुष्यभर हेच केलं."

"वाचायचे की थांबा म्हणायचे?"

"त्याबद्दल घराण्यात वाद आहे. उद्या सकाळी बसू."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता पागनिसांच्या ओसरीवर सतरंजी पडली. अप्पासाहेब आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून आले, कारण दरबारी कामाला पायजमा चालत नाही असं त्यांचं मत. जुनी पुस्तिका पाटावर ठेवली. अप्पासाहेबांचा आवाज भरदार, आणि शास्त्रीबुवांची हिंदी अशी की तिला आपोआप चाल लागावी.

"यदि प्रयोक्ता कक्ष का आरक्षण करना चाहे, तो सर्वप्रथम मुख्य सूची में प्रवेश करे! तत्पश्चात द्वितीय विकल्प का चयन कर प्रविष्टि-कुंजी दबाए!"

पहिल्या तासाला समोरच्या भानुमतीबाई चपला काढून ओट्याच्या कडेला येऊन बसल्या. त्यांना वाटलं पारायण आहे, आणि असं का वाटू नये? पाट होता, पोथी होती, धूतवस्त्र होतं, अर्थ कळत नव्हता. अकरापर्यंत सात बायका जमल्या. कोणी वाती वळायला घेतल्या. वासुदेवराव सांगायला उठले की, अहो बाई, हे कॉम्प्युटरचं आहे, पण अप्पासाहेबांनी त्यांना डोळ्यांनी दटावलं. एवढे श्रोते त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदा मिळत होते.

दुसऱ्या दिवशी फुलं आली. "आज कुठला अध्याय?" भानुमतीबाईंनी विचारलं.

"पाचवा," अप्पासाहेब गंभीरपणे म्हणाले. "कक्ष-स्थानांतरण."

पाचवा अध्याय झाला त्याच संध्याकाळी भानुमतीबाईंच्या जावयाची झाबुआहून बदली झाली. तिसऱ्या दिवशी ओसरी पुरेना. मागच्या गल्लीतून माणसं आली. एका गृहस्थांनी पाचवा अध्याय पुन्हा वाचायची विनंती केली, त्यांना भोपाळ पाहिजे होतं. सुलोचनाबाई आतून चहाची आठवी किटली घेऊन आल्या आणि वासुदेवरावांच्या कानाशी म्हणाल्या, "मी घर रिकामं मागितलं होतं."

सहाव्या दिवशी समाप्ती झाली. साबुदाण्याची खिचडी झाली, तिच्यावर शेव झाली. आणि मग वासुदेवरावांनी आपली वही उघडली. एकशे ऐंशी पानांत "थांबा" म्हणावं असं एकही ठिकाण सापडलं नव्हतं. बदल शून्य.

"हे कसं शक्य आहे, अप्पासाहेब?"

"का नाही? उत्तम नक्कल आहे."

"पण नवं पुस्तक बारा पानांनी जाड आहे!"

अप्पासाहेबांनी उपरण्याने तोंड पुसलं. "आता असं आहे, वासुदेवराव. शिक्क्याखालचं मला नीट दिसत नाही. तेव्हा जिथे अडलो, तिथे तुमच्या पुस्तकात वाकून पाहिलं आणि ते वाचलं. एवढी मंडळी बसलेली, मध्येच अडखळणं बरं दिसत नाही."

"किती ठिकाणी अडलात?"

"शिक्का तर पानापानावर आहे," अप्पासाहेब म्हणाले.

आता आठ दिवस उरले होते. त्या दुपारी वासुदेवराव जमिनीवर आडवे पडून आढ्याकडे बघत होते. आढ्याला सुलोचनाबाईंचा जुना पडदा धुऊन टांगला होता, त्याच्यामागे खिडकी, आणि उजेडात पडद्याचा एकेक धागा मोजून घ्यावा असा दिसत होता. वासुदेवराव ताडकन उठून बसले. सव्वीस वर्षांत त्यांनी कापड कधी वाचलं होतं? कापड वाचायचं नसतंच. कापड उजेडावर धरायचं असतं!

पाच मिनिटांत शोकेसमधल्या कप-बशा पलंगावर आल्या आणि शोकेसची काच दोन खुर्च्यांवर आडवी पडली. खाली ट्यूबलाइट. काचेवर नव्या पुस्तिकेचं पान, त्यावर जुन्या पुस्तिकेचं पान. दोन्ही एकाच प्रिंटरची, एका बाजूला छापलेली. जिथे मजकूर तोच, तिथे अक्षर अक्षरावर बसून काळंभोर, ठसठशीत. जिथे फरक, तिथे गिचमिड, जशी दोन धागे एका घरात गेल्यावर होते. एक ओळ नवी घुसली की खालचं सगळं सरकायचं. पण बाण्याचा एक धागा जास्त पडला म्हणून खालच्या कापडाला दोष देतात का? पान एक ओळ खाली ओढायचं, पुढे चालायचं. पान नऊ आलं आणि गेलं, आणि वासुदेवरावांना जांभईसुद्धा आली नाही.

आता दोष सापडला की तपासनीस काय करतो? कापडावर पेनाने लिहीत बसत नाही. किनारीला दोरा बांधतो. म्हणजे तागा घडी घातलेला असला तरी कडेने पाहून कळतं, कुठे काय आहे. वासुदेवरावांनी सुलोचनाबाईंचा शिवणाचा डबा ओढला. माथुर मॅडमचे तीन प्रकार, तीन रंग. होतं आणि गेलं, त्याला लाल. नव्हतं आणि आलं, त्याला हिरवा. आहे पण तसं नाही, त्याला पिवळा. पानाच्या कडेला, त्या ओळीच्या नेमकं समोर, सुईने एक टाका, एक गाठ, बोटभर दोरा बाहेर.

सुलोचनाबाई उंबऱ्यात उभं राहून हे बघत होत्या. रागवायचं ठरवूनच आल्या होत्या. पण चौदा महिन्यांत पहिल्यांदा नवऱ्याचे डोळे कुठल्या तरी कामाच्या वस्तूवर होते. "गाठ अशी मारली तर कागद फाटेल," त्या म्हणाल्या आणि मांडी घालून बसल्या. "सरका."

ऑफिसात हजेरी लावून वासुदेवराव परतले की दोघं बसत आणि उजेड असेपर्यंत टाके घालत. ते "लाल" म्हणाले की त्या लाल ओवत. जुन्या गोष्टी निघत, हसणं होई, एकदा तर दुपारी त्यांनी जिलबी आणवली.

अडचण आली ती यामिनीकडून. रोज सकाळी ऑफिसात ती नव्या पुस्तिकेची चार-पाच पानं हातात ठेवायची. "काका, एक छोटासा चेंज केला. हे पान फेकून द्या, हे घ्या." सोमवारी केलेलं मंगळवारी शिळं. बुधवारी तिने सोमवारचा बदल परत आधीसारखा केला. गुरुवारी वासुदेवराव तिच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले आणि घडी खात्याच्या आवाजात म्हणाले, "टेबलावर कापड आहे तोवर माग बंद!"

खाली कचोरीवाल्याचा झारा थांबला.

"पण काका, मला आत्ता इतकं छान सुचलंय..."

"चिठ्ठीवर लिही आणि शेवेच्या डब्यात टाक. एक तारखेनंतर उघडू."

यामिनी दोन दिवस फुगून बसली, पण डब्यात चिठ्ठ्या टाकत राहिली. पाठीवर "काकांना हे कळणार नाही" असं लिहून.

तिच्या या सवयीमुळेच वासुदेवरावांनी एक निर्णय मनाशी केला होता आणि त्यात काही चुकीचं आहे असं त्यांना क्षणभरही वाटलं नाही. जे कापड रोज बदलतं, त्याला दोरा कसा बांधणार? दोरा बांधायचा तो न हलणाऱ्या कापडाला. म्हणून सगळेच्या सगळे दोरे त्यांनी जुन्या पुस्तिकेला लावले होते.

एक तारखेला सकाळी त्यांनी ती पुस्तिका मनीषच्या टेबलावर ठेवली. सहाशे अकरा दोरे. कडेभर लाल, हिरवे, पिवळे. एखाद्या घोड्याला वरातीत घालावी अशी ती दिसत होती.

मनीषने एक पान उलटलं. मग गोल शिक्का पाहिला. मग हळूच खुर्चीवर बसला, पण खुर्ची जिथे होती तिथे नाही, थोडा अलीकडे.

"काका," तो जमिनीवरून म्हणाला, "ही निगमची ओरिजनल आहे. सील्ड आहे. मी सही करून आणली होती. तुम्ही सरकारी दस्तऐवजावर भरतकाम केलं?"

"भरतकाम नाही. खुणा आहेत."

"यादी कुठे आहे?"

"हीच यादी. प्रपत्र चारच होते."

मनीषने यामिनीकडे पाहिलं. यामिनीच्या तोंडावर दोन्ही हात होते, बोटांतून फक्त "भिया..." एवढंच आलं. दोरे काढावेत तर सहाशे अकरा भोकं उरणार. अकराची वेळ दिलेली. तिघं टेम्पोत बसले. पुस्तिका वासुदेवरावांच्या मांडीवर, वाऱ्याने दोरे फडफडताहेत. कृष्णपुऱ्याच्या पुलावर एक बाई लेकरासकट टेम्पोत चढली, पुस्तिकेकडे पाहून तिने आधी लेकराचं डोकं टेकवलं, मग आपलं, आणि विचारलं, "खजराना के मंदिर जा रहे हो, भैया?"

"वहीं जाना चाहिए था," मनीष म्हणाला.

माथुर मॅडमच्या स्वच्छ टेबलावर पुस्तिका ठेवली गेली तेव्हा शेजारच्या टेबलावरचा टाइपरायटर बंद पडला. बाईंनी आधी शिक्का पाहिला. मग दोरे. मग तिघांकडे, उंचीच्या क्रमाने.

"हमारी मूल प्रति में सिलाई किसने की है?"

वासुदेवराव पुढे झाले. नोकरी जाणार हे त्यांना दिसत होतं. पण आपण लावलेल्या दोऱ्याला नाही म्हणायचं, हे घडी खात्यात कोणी केलं नव्हतं.

"मैंने, मैडम। एक सौ बीस से एक सौ चालीस मेरी पत्नी ने। उसका टाँका ज़्यादा साफ़ है।"

बाईंनी एकशेवीस काढलं. बघितलं. "टाँका वाक़ई साफ़ है," त्या म्हणाल्या, आणि ते कौतुक होतं की आरोप हे खोलीतल्या कोणालाच कळलं नाही. "और इनका मतलब?"

"आपने ही बताया था। जो था और अब नहीं है, वो लाल। जो नहीं था और अब है, वो हरा। जो है मगर वैसा नहीं, वो पीला।"

बाईंनी खालच्या खणातून पत्रांचा एक गठ्ठा काढला.

"आपकी नई पुस्तिका महीने भर से महू की तरफ़ वाले विश्रामगृह में परीक्षण पर चल रही है। वहाँ के खानसामा की चिट्ठियाँ हैं। सुनिए। 'आज भी ग्यारह साहब नहीं आए। मटर-पनीर गाँव वालों को खिला दिया।' ये दूसरी। 'आज भी कोई नहीं आया। गाँव वाले पूछ रहे हैं, कल क्या बनेगा।' ये परसों की। 'गाँव वालों को खीर में इलायची कम लगी।'" बाईंनी चष्मा काढला. "मैं महीने भर से पूछ रही हूँ कि खानसामा को ख़बर क्यों नहीं जाती। भोपाल कहता है मशीन की ग़लती। ये कहते हैं मशीन ठीक है। आप बताइए, पागनीसजी। अभी।"

मनीषने डोळे मिटले.

वासुदेवरावांनी पुस्तिका मिटलेलीच ठेवली. अंगठा कडेवर ठेवला आणि वरून खाली, सावकाश, जसा तागा चाळतात तसा फिरवला. पिवळे, पिवळे, हिरवा, पिवळे. रद्द करण्याच्या प्रकरणात सगळे पिवळे होते. मधे एकुलता एक लाल होता. अंगठा थांबला.

"पान एकशे एकतीस," ते मराठीतच म्हणाले आणि उघडलं. जुन्या पुस्तिकेत ओळ होती: आरक्षण निरस्त होने पर खानसामा को दूरभाष से सूचित करे. नव्या पुस्तिकेत त्या जागी काही नव्हतं. तिथला कारकून पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच करत होता, आणि फोन करा असं आता कुठेच लिहिलेलं नव्हतं.

सगळ्यांनी यामिनीकडे पाहिलं.

"मी नाही काढली!" यामिनी म्हणाली. मग तिला आठवलं. "म्हणजे... काढली. पान एका ओळीने पुढे सरकत होतं, सर. एका ओळीसाठी आख्खं पान गेलं असतं. मला वाटलं, खानसाम्याला कोण फोन करतं!"

माथुर मॅडम हसल्या नाहीत. तेवीस वर्षांची शिस्त होती. पण त्यांनी हात पुढे केला, पुस्तिका आपल्याकडे ओढली आणि स्वतःचा अंगठा कडेवरून फिरवून पाहिला. मग पुन्हा एकदा. मग शेजारच्या टेबलाचे बाबू आले, मागच्या खोलीतले दोघं आले, आणि पंधरा मिनिटं निगमाचं कामकाज बंद पडून सगळे "ये हरा किसका है?", "ये पीला बताओ" असं विचारत राहिले. वासुदेवराव एकेका दोऱ्याचं उत्तर देत होते, कागद न बघता. एका बाबूने लग्नाची साडी घेताना सोबत याल का असं विचारलं. वासुदेवरावांनी क्षणभर विचार करून नम्रपणे नाही म्हटलं.

"नई आवृत्ति वापस," बाईंनी शेवटी निकाल दिला. "ये पंक्ति डालकर लाइए, पंद्रह दिन में। और सूची..." त्यांनी कागद ओढला आणि लिहिता लिहिता वाचलं, "'प्रपत्र क्रमांक सोलह अनुपलब्ध होने के कारण धागे मान्य।'"

"और मूल प्रति, मैडम?" मनीषने चाचरत विचारलं. "वो सिलाई..."

"काग़ज़ात नत्थी करना नियम में है," बाई म्हणाल्या. "कितनी बार, ये नहीं लिखा। और सुनिए, अगली हर आवृत्ति के साथ धागे आएँगे। यही लगाएँगे। इनका नाम मैंने आदेश में लिख दिया है।"

जिन्यात मनीष मधल्या पायरीवर थांबला. आवृत्ती परत आली होती, पंधरा दिवस वाढले होते, आणि एका सरकारी आदेशात त्याच्या कंपनीतल्या माणसाचं नाव गेलं होतं, जे आता त्याला काढता येणार नव्हतं. त्याने तिन्ही गोष्टी तोलून पाहिल्या आणि एकदम मोठ्याने हसला. "पागनीस साहेब, नोकरी पक्की. टेबल काचेचं पाहिजे ना? आजच सांगतो सुताराला. यामिनी, लेटर टाइप कर."

"साडीचा बाबू काय म्हणत होता, काका?" यामिनीने विचारलं.

"बायको नाही म्हणेल," वासुदेवराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑफिस साडेदहाचं होतं, वासुदेवराव साडेनऊलाच निघाले. इस्त्रीचा शर्ट, खिशात पत्र. भानुमतीबाईंना पत्र दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं, अप्पासाहेबांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि या वेळी त्यांना वाकून बघू दिलं नाही. चौकापर्यंत गेल्यावर लक्षात आलं की डबा राहिला.

ते परतले. फाटकाशी पोचायच्या आधीच रेडिओ ऐकू आला, त्यांच्या घरात कधी लागला नसेल एवढ्या मोठ्याने. खिडकीतून आत दिसलं. सुलोचनाबाई दिवाणखान्याच्या बरोब्बर मध्ये, जमिनीवर, हात-पाय चारी दिशांना पसरून आडव्या पडल्या होत्या. सकाळचे दहा वाजत होते. पोटावर शेवेची वाटी होती. डोळे मिटलेले, आणि गाण्याचा शब्द आला की पायाचा अंगठा ताल धरत होता.

डबा खिडकीजवळच्या टेबलावर समोरच दिसत होता. खिडकीतून हात घातला असता तर पोचला असता.

वासुदेवराव काही वेळ बघत उभे राहिले. मग चपलांचा आवाज होऊ न देता फाटक ओढून घेतलं आणि निघाले. दुपारी खाली कचोरी आहेच.

गल्लीच्या तोंडाशी अप्पासाहेब अजून उभे होते. "काय हो, परत? काही चुकलं?"

"छे," वासुदेवराव म्हणाले, "सगळं बघून आलो. एकही दोष नाही."